श्वसनोपचार-शिक्षण : जव्हार व मोखाडा परिसर

आजार, इजा, विषबाधा किंवा जन्मसमयी होणारा श्वासावरोध यांमुळे ज्याचे श्वसन अपुरे पडते, अशा रुग्णाचा श्वासमार्ग मोकळा ठेवणे, त्यास ऑक्सिजन पुरविणे, हाताने वा यंत्राने कृत्रिम श्वसन देणे आणि तो स्वतःच्या बळावर श्वास घेऊ लागेपर्यंत त्याच्यावर अखंड लक्ष ठेवणे, या कार्यास श्वसनोपचार म्हणतात. हे कार्य करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस श्वसनोपचारज्ञ अशी संज्ञा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही देशांत या कार्याला स्वतंत्र व्यवसायाचे रूप प्राप्त झाले व त्यासाठी महाविद्यालयीन अभ्यासक्रम सुरू झाले. महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या आदिवासीबहुल तालुक्यांत मात्र ही विद्या महाविद्यालयामार्फत आली नाही. गावपातळीवरील आरोग्यसेविका, आशा कार्यकर्त्या आणि रुग्णालयांतील परिचारिका यांच्या अल्पकालीन प्रशिक्षणातून ती थोडीथोडी येत गेली. या दोन मार्गांचा इतिहास व त्यांच्यामध्ये राहिलेले अंतर यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

प्रदेश व आरोग्यसेवा : जव्हार हे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर समुद्रसपाटीपासून सु. ४४७ मी. उंचीवर वसलेले नगर मुकणे घराण्याच्या संस्थानाची राजधानी होते. १९४८ मध्ये हे संस्थान तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन होऊन त्याचा प्रदेश ठाणे जिल्ह्यात समाविष्ट झाला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा जव्हार व मोखाडा हे तालुके नव्या जिल्ह्यात आले. २०११ च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सु. १ लाख ४० हजार व मोखाडा तालुक्याची सु. ८३ हजार होती. दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी या येथील प्रमुख जमाती होत. वस्ती डोंगरउतारांवरील विखुरलेल्या पाड्यांत असून भात, नागली व वरई ही पावसाळी पिके निघाल्यानंतर अनेक कुटुंबे वसई, भिवंडी इ. भागांतील वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीसाठी स्थलांतर करतात.

जव्हार येथील पतंगशहा कुटीर रुग्णालय हे या डोंगरी मुलखातील मुख्य शासकीय रुग्णालय होय; त्याचे नाव संस्थानी काळाची आठवण देते. मोखाडा येथे ग्रामीण रुग्णालय असून खोडाळा, वाशाळा, जामसर, साखरशेत इ. ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. या रुग्णालयांच्या आवाक्याबाहेरील रुग्णास बहुधा नाशिक किंवा ठाणे येथे हलवावे लागते. मोखाडा व त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक जव्हारपासून सु. ८० किमी. असून रस्ता घाटाचा आहे. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतचे अंतर पावसाळ्यात कित्येकदा डोलीने काटावे लागते. श्वास अडलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे अंतर किलोमीटरांपेक्षा मिनिटांत मोजावे लागते. कारण मेंदूला ऑक्सिजनचा पुरवठा पूर्णतः थांबल्यास काही मिनिटांतच त्यास कायमची इजा होते. श्वसनोपचार कोणी, कोठे व किती शिकावा, हा प्रश्न येथे म्हणूनच केवळ शिक्षणाचा राहत नाही.

श्वसनोपचाराचा उगम : इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी १७७४ मध्ये ऑक्सिजन वायू वेगळा केला, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लव्हॉयझर यांनी श्वसनातील त्याचे कार्य स्पष्ट केले. १७९९ मध्ये टॉमस बेडोझ यांनी ब्रिस्टल येथे वायूंच्या साहाय्याने उपचार करणारी संस्था काढली, परंतु वायू मोजून देण्याची साधने नसल्याने तिला यश आले नाही. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंनी बाधित झालेल्या सैनिकांसाठी जे. एस. हॉल्डेन यांनी ऑक्सिजन देण्याचे उपकरण तयार केले आणि ऑक्सिजन हे मात्रेने द्यावयाचे औषध आहे, ही कल्पना रुजली. अमेरिकेत १९२८ मध्ये फिलिप ड्रिंकर व लुई शॉ यांनी ‘लोहफुप्फुस’ बनविले. पोलिओमुळे छातीचे स्नायू निकामी झालेला रुग्ण या पेटीत ठेवून पेटीतील हवेचा दाब कमीजास्त केला असता त्याची छाती हलत राही.

या विद्येला निर्णायक वळण १९५२ मध्ये डेन्मार्कच्या राजधानीत मिळाले. त्या वर्षी कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वसन बंद पडत चाललेले रुग्ण एकामागून एक येत होते. रुग्णालयाजवळ मात्र लोहफुप्फुस एकच व छातीवर बसविण्याची उपकरणे सहा होती. पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ञाने २७ ऑगस्ट १९५२ रोजी एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेस केलेल्या छेदातून नळी बसविली व तीस जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत ऑक्सिजनमिश्रित हवा भरली. मुलगी वाचली. ही पद्धत सर्व रुग्णांना लागू करण्यासाठी यंत्रे नव्हती, म्हणून सु. १,५०० विद्यार्थ्यांना पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबण्याच्या कामी नेमण्यात आले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. आधुनिक अतिदक्षता विभागाचा आरंभ या घटनेपासून मानतात. यंत्र नसले, तरी पुरेसे शिकविलेले हात असल्यास श्वास टिकवून धरता येतो, ही गोष्टही या साथीने सिद्ध केली. पुढे १९५६ मध्ये डेन्मार्कमध्येच, दाबल्यावर आपोआप पुन्हा फुगणारी श्वसनपिशवी तयार झाली. ‘अँबू’ या नावाने ओळखली जाणारी ही पिशवी कोणत्याही वीजपुरवठ्याविना चालते आणि आज जगातील लहानमोठ्या सर्व रुग्णालयांत तिचा वापर होतो.

व्यवसाय व महाविद्यालयीन शिक्षण : अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ऑक्सिजनची सिलिंडरे वाहून नेणारे व ती जोडून देणारे रुग्णालयीन मदतनीस या व्यवसायाचे पहिले प्रतिनिधी होत. १९४६ मध्ये शिकागो येथे त्यांची संघटना स्थापन झाली. १९६० मध्ये परीक्षा घेऊन नोंदणी करणारी संस्था निघाली. रक्तातील वायूंचे मापन, धन दाबाची श्वसनयंत्रे आणि नवजात अर्भकांची अतिदक्षता यांचा विस्तार होत गेला, तसे या मदतनिसाचे रूपांतर महाविद्यालयात शिकलेल्या श्वसनोपचारज्ञात झाले. यूरोपातील बहुतेक देशांत मात्र स्वतंत्र व्यवसाय न निघता हे काम परिचारिका, भूलतज्ञांचे साहाय्यक आणि भौतिकोपचारज्ञ यांच्यात वाटले गेले.

भारतात दोन्ही प्रकार आढळतात. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांच्या प्रयत्नांनी व्यवसायोपचाराचे व १९५३ मध्ये, पोलिओच्या साथीनंतर, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. छातीतील कफ सुटा करणे, श्वसनाचे व्यायाम देणे यांसारखे उपचार महाराष्ट्रात प्रथम या भौतिकोपचारज्ञांच्या हाती आले. श्वसनोपचार या स्वतंत्र नावाचे पदवी अभ्यासक्रम दक्षिण भारतात, उदा., कर्नाटकातील मणिपाल व केरळातील कोची येथे, रुजले. महाराष्ट्रात १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना झाली. त्याच्या निमवैद्यकीय तंत्रज्ञान पदवी अभ्यासक्रमात प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, भूल इ. शाखांचे तंत्रज्ञ तीन वर्षांचे अध्ययन व एक वर्षाची आंतरवासिता या क्रमाने तयार होतात. राज्यातील मोठ्या रुग्णालयांत श्वसनयंत्रांचे दैनंदिन काम प्रामुख्याने अतिदक्षता विभागातील परिचारिका, भूल तंत्रज्ञ व निवासी डॉक्टर पाहतात.

श्वसनोपचाराच्या पदवी अभ्यासक्रमास बारावीला भौतिकी, रसायनशास्त्र व जीवविज्ञान घेतलेले विद्यार्थी पात्र असतात. शारीर, शरीरक्रियाविज्ञान, औषधिविज्ञान व वायूंचे भौतिकीय नियम या मूलभूत विषयांनंतर श्वासमार्गाची निगा, रोहिणीतील रक्ताच्या वायूंचे मापन, फुप्फुसांच्या कार्यक्षमतेच्या चाचण्या, श्वसनयंत्राच्या विविध पद्धती, जंतुसंसर्गाचे नियंत्रण आणि दीर्घकालीन रुग्णाचे पुनर्वसन शिकवितात. यांपैकी बराचसा भाग रुग्णाच्या खाटेजवळ शिकावा लागतो. ऑक्सिजन कमी पडल्यास रुग्ण दगावतो. पण अकाली जन्मलेल्या अर्भकास तो अधिक दिल्यास दृष्टिपटलास इजा होऊन अंधत्व येऊ शकते, हे १९५० नंतरच्या दशकात जगाने हजारो बालकांची दृष्टी गमावून जाणले. पिशवी जोराने दाबल्यास फुप्फुस फाटू शकते, हळू दाबल्यास हवा पोहोचत नाही. केव्हा, किती व कोठे थांबावे, याचा निर्णय करता येणे हेच या शिक्षणाचे मर्म होय.

महाविद्यालयाबाहेरील मार्ग : भारतातील ग्रामीण भागात श्वसनरोगांनी होणारे मृत्यू प्रामुख्याने बालकांचे होते आणि त्यांतही न्यूमोनिया हे मुख्य कारण होते. न्यूमोनियाचे निदान करण्यास स्टेथॉस्कोप व क्ष-किरण चित्र आवश्यक मानले जात असल्याने ते डॉक्टरपुरते मर्यादित राहिले. पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणारे बालरोगतज्ञ फ्रँक शान यांनी १९८० नंतरच्या दशकात, खोकणाऱ्या बालकाच्या श्वासांची गती व छातीच्या खालच्या भागाचे आत ओढले जाणे या दोन साध्या लक्षणांवरून उपचारयोग्य न्यूमोनिया ओळखता येतो, असे दाखविले. जागतिक आरोग्य संघटनेने याच आधारावर निकष ठरविले. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास मिनिटास ६० वा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० वा अधिक आणि एक ते पाच वर्षे या वयात ४० वा अधिक असल्यास ते जलद समजावेत, असे हे निकष आहेत.

महाराष्ट्रात या ज्ञानाचा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग गडचिरोली जिल्ह्यात झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गावातील आरोग्यदूत, निमवैद्यकीय कर्मचारी व परंपरागत सुइणी यांना बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यास व त्यावर प्रतिजैविक औषध देण्यास शिकविले. अनेक सुइणींना लिहितावाचता येत नव्हते आणि मोठ्या संख्या मोजताही येत नव्हत्या. त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व तारेत ओवलेले मणी असलेला श्वासमापक बनविण्यात आला. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी गाठला गेला, तर न्यूमोनिया समजावयाचा. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ०·८ टक्के, तर तुलनेसाठी निवडलेल्या गावांत ते १३·५ टक्के होते. याच संस्थेने पुढे घरच्या घरी नवजात बालकाच्या निगेचा प्रयोग केला. जन्मतः न रडणाऱ्या बाळास श्वास देण्यासाठी तोंडाने फुंकणे, नळी-मुखवटा व पिशवी-मुखवटा या पद्धती तेथे क्रमाने वापरल्या गेल्या. त्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही नवजात मृत्यूंत मोठी घट दाखविणारे होते.

या प्रयोगांचे वैशिष्ट्य असे, की श्वसनविज्ञानाचा एक नेमका अंश वेगळा काढून तो शिकणाऱ्याच्या भाषेत व मोजणीत बसविण्यात आला. भारत सरकारने १९९० मध्ये तीव्र श्वसनसंसर्ग नियंत्रणाचा कार्यक्रम काही जिल्ह्यांत सुरू केला व १९९२ मध्ये त्याचा अंतर्भाव बालजीवित्व व सुरक्षित मातृत्व कार्यक्रमात झाला. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती गावोगाव आली. २०११ पासून नवजात बालकाच्या घरी ठराविक दिवशी भेटी देऊन वजन, तापमान व श्वासांची गती पाहण्याचे काम तिच्याकडे आले.

जव्हार-मोखाड्यातील वाटचाल : १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी भागात कुपोषण व आजार यांनी बालके मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडली आणि हा परिसर देशभर चर्चेत आला. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांनी तेथे भेट दिली; पुढे जव्हार येथे अपर जिल्हाधिकाऱ्याचे कार्यालय स्थापन झाले. आदिवासी भागांतील आरोग्य, पोषण व धान्यपुरवठा यांचा एकत्रित विचार करणारी नवसंजीवनी योजना राज्य शासनाने १९९५ मध्ये आखली. या घटनांची चर्चा मुख्यतः अन्नाच्या अनुषंगाने झाली, आणि ते योग्यही होते. तथापि कुपोषित बालकाच्या मृत्यूचे अखेरचे कारण बहुधा न्यूमोनिया वा अतिसार असते. उपासमारीने क्षीण झालेल्या बालकाच्या श्वसनस्नायूंची शक्ती कमी होते, रोगप्रतिकार मंदावतो आणि न्यूमोनिया झाला असता ताप येईलच असे नसते. चुलीच्या धुराने भरलेले एकखणी घर, कमी वजनाचा जन्म व स्थलांतरात चुकणारे लसीकरण यांनी धोका वाढतो. अशा बालकाच्या बाबतीत श्वास मोजणे हे कित्येकदा एकमेव पूर्वसूचना देणारे निदान ठरते.

या तालुक्यांत ते काम आज आशा कार्यकर्ती व आरोग्यसेविका करतात. त्यांच्या प्रशिक्षणाचा कालावधी दिवसांत मोजला जातो. बाळ दूध पीत असताना वा रडत असताना श्वास मोजू नयेत, कपडा वर करून छाती व पोट पाहावे, पूर्ण एक मिनिट मोजावे, शंका आल्यास पुन्हा मोजावे, असे नियम त्यात शिकवितात. नियम सोपे आहेत. परंतु भट्टीवरून परतलेल्या कुटुंबात, अपुऱ्या उजेडात व भगताकडे जावे की दवाखान्यात, या घरच्या वादात ते पाळणे सोपे नसते. कार्यकर्ती त्याच पाड्यातील व तीच बोली बोलणारी असते, तेव्हा तिच्या मोजणीवर घरातील वडीलधारे विश्वास ठेवतात. बाहेरून आलेल्या तज्ञाला हे सहसा साधत नाही.

दुसरी पायरी रुग्णालयाची आहे. जव्हारच्या कुटीर रुग्णालयात नवजात बालकांसाठी विशेष शुश्रूषा कक्ष आहे. देशभरातील अशा कक्षांसाठी २०११ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे ठरविण्यात आली. त्यांनुसार तेथील डॉक्टर व परिचारिका यांना चार दिवसांचे वर्ग आणि मोठ्या रुग्णालयात सु. दोन आठवड्यांचे निरीक्षण-प्रशिक्षण दिले जाते. जन्मल्यानंतर पहिल्या मिनिटात श्वास न घेणाऱ्या बाळास पुसून कोरडे करणे, मान योग्य स्थितीत ठेवणे आणि मिनिटास ४० ते ६० या गतीने पिशवी-मुखवट्याने श्वास देणे हे कौशल्य प्रसूतिगृहातील प्रत्येक परिचारिकेला अवगत असावे, यासाठी २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम राबविण्यात आला. महाविद्यालयीन अभ्यासक्रमात जे अनेक महिन्यांत शिकवितात त्याचा गाभा येथे काही दिवसांत द्यावा लागतो. शिवाय शिकलेली परिचारिका बदली होऊन गेली, की तिच्याबरोबर ते कौशल्यही जाते व नव्या व्यक्तीपासून पुन्हा आरंभ करावा लागतो.

सर्पदंश व रुग्णाचे स्थलांतर : या परिसरात श्वसनोपचाराची कसोटी पाहणारा दुसरा प्रसंग म्हणजे सर्पदंश. घोणस व फुरसे यांच्या विषाचा परिणाम मुख्यतः रक्तावर होतो, तर नाग व मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर परिणाम करते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास चावते. दंशाची जागा फारशी सुजत नाही व दुखत नाही, त्यामुळे काही वेळा दंश झाल्याचे लक्षातच येत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळणे व बोलणे अवघड जाते आणि अखेरीस श्वसनाचे स्नायू थांबतात. प्रतिविष लवकर द्यावेच लागते. परंतु मण्यारीच्या विषाने एकदा स्नायू लुळे पडल्यावर प्रतिविषाने ते लगेच पूर्ववत होत नाहीत. अशा रुग्णास काही दिवसांपर्यंत कृत्रिम श्वसन दिल्यास तो पूर्णपणे बरा होऊ शकतो. मधल्या काळात त्याचा श्वास दुसऱ्या कोणी चालवावा लागतो.

जव्हारहून नाशिकपर्यंतचा प्रवास दोन ते अडीच तासांचा धरल्यास मिनिटास दहा ते बारा या गतीने श्वसनपिशवी बाराशे ते अठराशे वेळा दाबावी लागते. घाटातील वळणांवर मुखवटा चेहऱ्यावरून न सरकू देणे, घशातील लाळ ओढून काढणे, ऑक्सिजनच्या सिलिंडराचा काटा पाहणे ही कामे त्याच वेळी करावयाची असतात. १,५०० लिटर ऑक्सिजन मावणारे सिलिंडर मिनिटास १० लिटर या प्रवाहाने १५० मिनिटे, म्हणजे जेमतेम तेवढाच वेळ पुरते. हा हिशेब निघण्यापूर्वी करता येणे हाही श्वसनोपचाराच्या शिक्षणाचा भाग आहे. २०१४ मध्ये राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाल्याने सोबत वैद्यकीय मनुष्यबळ मिळू लागले. तथापि कोपनहेगनमध्ये दीड हजार विद्यार्थ्यांनी वाटून घेतलेले काम घाटातील रुग्णवाहिकेत एका व्यक्तीवर येते, ही वस्तुस्थिती राहतेच.

कोविड-१९ व अल्पकालीन अभ्यासक्रम : २०२० व २०२१ मधील कोविड-१९ च्या साथीने ऑक्सिजन हा शब्द घरोघरी पोहोचविला. नाडीतील ऑक्सिजनचे प्रमाण बोटावरून मोजणारा ऑक्सिमापक, ज्याचे तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या आरंभी शोधले, आशा कार्यकर्त्यांच्या पिशवीत आला. देशभर रुग्णालयांच्या आवारात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी संयंत्रे बसविण्यात आली व श्वसनयंत्रे मोठ्या संख्येने वाटण्यात आली. यंत्रांच्या मानाने ती चालविणारी माणसे अपुरी असल्याचे लवकरच दिसून आले. १८ जून २०२१ रोजी केंद्र सरकारने २६ राज्यांतील १११ केंद्रांतून एक लाख व्यक्तींना सहा प्रकारच्या साहाय्यक कामांचे त्वरित प्रशिक्षण देण्याची योजना सुरू केली. साथीच्या काळात अशा उपायाची गरज निर्विवाद होती. परंतु श्वसनयंत्रावरील रुग्णाची सूत्रे हाती घेण्यास तीनचार वर्षांचे शिक्षण लागते, ते साथ आल्यावर सुरू करून भागत नाही, हा धडाही तिने दिला.

कायदा व सद्यःस्थिती : राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम या कायद्यास २८ मार्च २०२१ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे दहा गट असून त्यांत श्वसन तंत्रज्ञ हा व्यवसाय समाविष्ट आहे. सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत किमान २,००० तासांचे, तर आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे शिक्षण कायद्याने आवश्यक मानले आहे. त्यामुळे आजवर रुग्णालयागणिक वेगळे असलेले हे काम प्रथमच अखिल भारतीय नोंदणीच्या कक्षेत आले.

जव्हार-मोखाड्यातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहता, जव्हार येथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे व मोखाडा येथे रयत शिक्षण संस्थेचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. बारावी विज्ञानानंतर श्वसनोपचाराच्या शिक्षणासाठी मात्र त्याला मोठ्या शहरात व बहुधा परराज्यात जावे लागते. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे व शिष्यवृत्त्या यांचा आधार असला, तरी आश्रमशाळेत मराठीतून झालेल्या शिक्षणानंतर इंग्रजी माध्यम, घरापासूनचे अंतर आणि या व्यवसायाविषयीची अपुरी माहिती हे अडसर राहतात. शिवाय कुटीर व ग्रामीण रुग्णालयांच्या पदरचनेत श्वसनोपचारज्ञ हे स्वतंत्र पद सहसा नसते. त्यामुळे पदवी मिळविलेला युवक आपल्या तालुक्यात परत येण्याऐवजी मुंबई, पुणे अथवा परदेशातील रुग्णालयाची वाट धरतो.

परिणामी या विद्येची दोन टोके आज परस्परांपासून दूर आहेत. एका टोकास पाड्यावर श्वास मोजणारी कार्यकर्ती आहे. तिला धोका ओळखता येतो, पण अडलेला श्वास दीर्घकाळ चालविणे तिच्या कक्षेबाहेरचे आहे. दुसऱ्या टोकास महानगरातील अतिदक्षता विभागात काम करणारा पदवीधर आहे. त्याच्यापर्यंत या मुलखातील रुग्ण बहुधा उशिरा पोहोचतो. मधले काम कुटीर रुग्णालयातील परिचारिका व रुग्णवाहिकेतील सेवक आपल्या अल्प प्रशिक्षणाच्या बळावर निभावतात. गडचिरोलीच्या प्रयोगाने स्थानिक माणूस योग्य रीतीने शिकविल्यास काय साध्य होते हे दाखविले आहे, तर कोपनहेगनच्या साथीने शिकलेल्या हातांची संख्या किती मोलाची असते हे दाखविले आहे. नोंदणीकृत शिक्षणाची चौकट २०२१ पासून उपलब्ध आहे. तिच्यात या तालुक्यांतील विद्यार्थ्यांचा प्रवेश व डोंगरी रुग्णालयांत त्यांच्यासाठी पदांची निर्मिती या दोन गोष्टी साधल्या, तरच हे अंतर भरून निघेल.